टेक कंपनीत सीनियर फायनान्सची मुलाखत: तयारी नेमकी कशाची करायची?

हार्बर_लाईन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी सीए आहे, पंधरा-सोळा वर्षं सगळी मॅन्युफॅक्चरिंगमध्ये गेली, प्लांट अकाउंट्सपासून सुरुवात केली आणि आता रिपोर्टिंग, ऑडिट, बँका सगळं माझ्याकडे आहे. पवईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून व्हीपी फायनान्सच्या जागेसाठी बोलावणं आलंय. वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकतात, गिऱ्हाइकं अर्धी इथली अर्धी बाहेरची, पैसा इन्व्हेस्टर्सचा, आणि दोन-तीन वर्षांत आयपीओ आणायचं बोलतायत. एचआरचा राउंड झाला, आता फाउंडर, मग प्रॉडक्ट हेड, मग एक केस स्टडी आणि शेवटी बोर्डावरचे इन्व्हेस्टर.

मला कॉस्टिंग, इन्व्हेंटरी, वर्किंग कॅपिटल झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, पण इथे मालच नाही. एआरआर (सबस्क्रिप्शनची वार्षिक आवर्ती विक्री), चर्न (गिऱ्हाइकांची गळती), सीएसी (एक गिऱ्हाईक मिळवायचा खर्च) हे सगळं वाचलंय, व्याख्या पाठ आहेत, पण समोरचा माणूस त्यातून माझ्यात काय बघतो तेच कळत नाहीये. ज्यांनी अशा मुलाखती दिल्यात किंवा घेतल्यात त्यांनी मोकळेपणाने लिहा प्लीज. पगाराचं नंतर विचारेन.

ताळेबंद

अभिनंदन ताई. फाउंडरला भेटायच्या आधी एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर जाऊन त्या कंपनीचे कागद काढा. शंभर रुपये फी आहे, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. एओसी-४ (वार्षिक हिशेब दाखल करायचा फॉर्म) सोबत ताळेबंद, नफातोटा, नोट्स आणि ऑडिटरचा रिपोर्ट सगळं असतं. बरेच उमेदवार कंपनीची वेबसाइट आणि पेपरातल्या फंडिंगच्या बातम्या वाचून येतात आणि हे कोणी उघडतच नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण फायनान्सच्या माणसाने कंपनी ओळखायची तर तिच्या नोट्समधून.

पहिलं बघा की हिशेब इंड-एएसप्रमाणे (आंतरराष्ट्रीय धर्तीची नवी अकाउंटिंग स्टँडर्ड्स) आहेत की जुन्या एएसप्रमाणे. अनलिस्टेड कंपनीची नेटवर्थ २५० कोटींच्या खाली असेल तर इंड-एएस सक्तीचं नाही. आयपीओचं बोलणारी कंपनी अजून जुन्या पद्धतीवर असेल तर तुमचं पहिलं वर्ष कशात जाणार ते तिथेच कळलं, कारण ऑफर डॉक्युमेंटमध्ये (आयपीओच्या माहितीपत्रकात) तीन वर्षांचे आकडे इंड-एएसप्रमाणे नव्याने मांडून द्यावे लागतात. मग ऑडिटरने अंतर्गत नियंत्रणांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि ऑडिट ट्रेलबद्दलही. १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालंय, ती चालू होती का नव्हती हे ऑडिटरला लिहावं लागतं, त्या एका परिच्छेदावरून अकाउंट्स डिपार्टमेंटची शिस्त कळते.

आता रेव्हेन्यू. हा विषय निघणार म्हणजे निघणारच. समजा १ जानेवारीला वर्षाचं सबस्क्रिप्शन विकलं १२ लाखांना, बिल आगाऊ फाडलं, १८ टक्के जीएसटी धरून १४.१६ लाख, आणि गिऱ्हाइकाने सगळे पैसे जानेवारीतच दिले. ३१ मार्चला रेव्हेन्यू किती? ३ लाख. ९ लाख हे देणं आहे, कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी, आणि जीएसटी तर आपला कधी नव्हताच. इथपर्यंत सगळे सांगतात. खरा प्रश्न पुढे येतो, की त्याच गिऱ्हाइकाकडून सेटअप करून द्यायचे ३ लाख वेगळे घेतले असतील तर ते जानेवारीतच धरायचे का? त्या सेटअपचा गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरशिवाय काही उपयोग नसेल तर ती वेगळी सेवा धरता येत नाही, ते पैसेही पसरावे लागतात. आणि सेल्सवाल्याला दिलेलं कमिशन? इंड-एएस ११५ मध्ये करार मिळवण्यासाठीच झालेला खर्च ॲसेट म्हणून घेऊन पसरवायचा असतो, कालावधी वर्षाच्या आतला असेल तर लगेच खर्चात टाकायची सवलत आहे. पण सबस्क्रिप्शन एक वर्षाचं असलं तरी गिऱ्हाईक चार-चार वर्षं राहत असेल आणि रिन्यूअलला परत तेवढं कमिशन देत नसतील तर कालावधी एक वर्ष म्हणता येईल का, यावर बोला. समोर जाणकार बसला असेल तर तो इथेच होकारार्थी मान हलवेल.

पवईकर

मी इंजिनियरिंगकडचा, पण आमच्याकडे फायनान्स हेडच्या पॅनेलवर मलाही बसवतात म्हणून लिहितोय. प्रॉडक्टवाल्यांच्या राउंडला उमेदवार हलकं घेतात, त्यांना वाटतं हा काय विचारणार आपल्याला. मी विचारतो. माझा नेहमीचा प्रश्न असा की माझ्याकडे साठ इंजिनियर आहेत, त्यातले वीस जण नवीन मॉड्यूल बनवतायत, त्यांचा पगार तुम्ही खर्चात टाकणार की ॲसेटमध्ये? कोणी कोणी ताडकन सांगतं की ॲसेटमध्ये टाकू, एबिटडा (व्याज, टॅक्स, घसारा धरायच्या आधीचा नफा) चांगला दिसेल. तिथेच माझं मन उतरतं. मला असं ऐकायचं असतं की इंड-एएस ३८ मध्ये रिसर्चचा खर्च खर्चच राहतो आणि डेव्हलपमेंटचा खर्च ॲसेट करायला अटी आहेत, मॉड्यूल तांत्रिकदृष्ट्या होणार याची खात्री, ते पुरं करायचा इरादा आणि पैसा, त्यातून कमाई कशी होणार ते, आणि खर्च नीट मोजता येतो का. म्हणजे माझ्या टीमने कोणत्या कामावर किती वेळ दिला याची नोंद आहे का हे त्यांनी मला उलट विचारायला हवं. आमच्याकडे ती धड नव्हती, आणि ज्या बाईंनी हे विचारलं त्यांनाच आम्ही घेतलं. बँकेतून पैसे तर दोन्ही पद्धतींत तेवढेच जातात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

अजून एक. क्लाउडचं बिल. आमच्याकडे पगारानंतरचा मोठा खर्च तोच आहे आणि तो डॉलरमध्ये मोजला जातो. गिऱ्हाइकांना सेवा देण्यासाठी जे सर्व्हर चालतात त्यांचा खर्च ग्रॉस मार्जिनच्या (विक्रीतून सेवा देण्याचा थेट खर्च वजा करून उरतं त्याच्या) वर बसतो आणि डेव्हलपर लोक टेस्टिंगसाठी चालवतात तो खाली, हे वेगळं करायला कोणी आलं नाही तर ग्रॉस मार्जिनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. हार्बर_लाईन, तुम्ही प्लांटमधून आलात ना, मग तुम्हाला हे अवघड नाही. मशीनचा वेळ कोणत्या जॉबवर टाकायचा हेच तुम्ही आयुष्यभर केलंय. तेच सांगा त्यांना, आणि ताठ मानेने सांगा.

पिव्होट_राणी

पवईकर +१. ताई, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका असं मी म्हणेन. आमच्याकडे रेव्हेन्यूचा मूळ डेटा बिलिंग सिस्टममध्ये असतो, ईआरपीत (कंपनीच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टममध्ये) फक्त बेरीज येते, आणि दोन्ही जुळत नाहीत तेव्हा डेटा टीमच्या मागे मागे फिरावं लागतं. स्वतःला क्वेरी लिहिता आली तर तासाभरात कळतं कुठे गडबड आहे. केस स्टडीत पण हल्ली कच्चा डेटाच देतात, हजारो ओळींचा.

कंट्रोलर

पिव्होट_राणी, थोडा असहमत. व्हीपीच्या जागेवरच्या बाईने रात्री बसून क्वेरी लिहाव्यात यासाठी तिला घेत नाहीत. बिलिंग सिस्टम आणि ईआरपी दर महिन्याला जुळलीच पाहिजेत, कोण जुळवतं, फरक आला तर कोण सही करतं, ही व्यवस्था लावण्यासाठी घेतात. शिकल्या तर उत्तमच, पण मुलाखतीच्या आठवड्यात त्यात वेळ घालवू नये.

पिव्होट_राणी

व्यवस्था लावायला आधी फरक कुठे पडतो ते दिसायला तर हवं ना! लहान कंपनीत फायनान्सची टीम सहा-सात माणसांची असते, तिथे व्हीपीच करतो सगळं. पण हो, मुलाखतीच्या आठवड्यात नको, हे पटलं.

हार्बर_लाईन

सगळ्यांचे खूप आभार, पवईकर तुमचं वाचून खरंच धीर आला. एमसीएवरून कागद काढले आज, हिशेब जुन्या एएसवर आहेत! ताळेबंद, तुम्ही म्हणालात तसंच. आता केस स्टडीबद्दल सांगाल का कोणी? युनिट इकॉनॉमिक्सवर (एका गिऱ्हाइकामागचा खर्च आणि कमाई) असेल असं एचआरने सांगितलंय, एक्सेल पाठवणार आणि दोन दिवसांनी समोर मांडायचं. आणि फाउंडर "आमच्याकडे अठरा महिन्यांचा रनवे आहे" (म्हणजे हातातला पैसा तेवढे महिने पुरेल) असं म्हणाला तर मी त्यावर काय विचारायचं?

ताळेबंद

केस स्टडीत दोन-तीन जागी लोक हमखास अडकतात, ते लिहितो. समजा एक गिऱ्हाईक मिळवायला ६०,००० रुपये लागतात आणि ते महिन्याला १०,००० देतं. पटकन उत्तर येतं सहा महिन्यांत पैसे वसूल. पण १०,००० ही विक्री आहे, त्यातून सर्व्हर, सपोर्ट वगैरे जाऊन ग्रॉस मार्जिन ७० टक्के असेल तर हाताशी ७,००० राहतात आणि वसुलीला साडेआठ महिने लागतात. मग ते ६०,००० कशाचे, हा पुढचा प्रश्न. फक्त जाहिरात धरलीय की सेल्सच्या लोकांचे पगार, कमिशन, फ्री ट्रायलवाल्यांचा सर्व्हर खर्च पण धरलाय? बहुतेक शीटमध्ये पगार धरलेले नसतात. तो मुद्दा पहिल्याच पानावर मांडा.

चर्नचंही तसंच. महिन्याला ३ टक्के गळती ऐकायला काहीच वाटत नाही, पण बारा महिने लागोपाठ ३ टक्के गेले की वर्षाच्या सुरुवातीच्या शंभर गिऱ्हाइकांतली साधारण ६९ उरतात. म्हणजे तीसेक गिऱ्हाइकं दर वर्षी नवीन आणायची, ती पण फक्त होतो तिथेच राहायला. आणि गळती गिऱ्हाइकांच्या संख्येत मोजलीय की रुपयांत, हे विचारा, कारण छोटी गिऱ्हाइकं जातात आणि मोठी टिकतात अशा धंद्यात दोन्ही आकडे फार वेगळे येतात. जानेवारीत आलेली गिऱ्हाइकं, फेब्रुवारीत आलेली, असे गट पाडून प्रत्येक गट पुढे कसा टिकतो ते एका तक्त्यात दाखवलंत तर बाकी स्लाइड्सची गरजच पडत नाही.

रनवेचं म्हणाल तर, ४५ कोटी बँकेत आणि महिन्याला अडीच कोटी जातात म्हणून अठरा महिने, असा तो हिशेब असतो. त्या ४५ मधले किती मोकळे आहेत ते विचारा. कर्जासाठी, गॅरंटीसाठी गहाण ठेवलेल्या एफडी त्यात असतात. १० कोटी तसे अडकलेले निघाले तर रनवे चौदा महिन्यांवर येतो. गिऱ्हाइकांनी वर्षाचे आगाऊ दिलेले पैसेही त्यातच असतात, पुढच्या वर्षी त्यांनी महिन्याच्या प्लॅनवर जायचं ठरवलं तर दर महिन्याला जाणारे अडीच कोटी अडीच राहत नाहीत.

कंट्रोलर

रनवेवरून लिहितो, कारण माझ्या मनातला विषय आहे. बँकेतली रक्कम खरी आहे का, हा प्रश्न कोणाला अपमानास्पद वाटत असेल तर वाटू द्या. सत्यम कॉम्प्युटर्सच्या चेअरमनने लिहिलेल्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच असं लिहिलं होतं. टेक कंपनीच होती, ऑडिटर मोठे, बोर्डावर नावाजलेली माणसं. तेव्हा तुम्ही जॉइन झाल्यावर बँकेचे बॅलन्स थेट बँकेकडून घेणार हे मुलाखतीतच सहज सांगून टाका. चांगल्या फाउंडरला बरं वाटतं ते ऐकून.

सीनियर जागेच्या मुलाखतीत एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, की फाउंडर म्हणाला हे या तिमाहीत धरा आणि तुम्हाला पटत नाही, तर काय कराल? यावर "मी माझ्या तत्त्वांशी तडजोड करत नाही" असलं भाषण देऊ नका, उदाहरण घेऊन बोला. समजा गिऱ्हाईक २ एप्रिलला सही करणार आहे आणि सेल्सहेड म्हणतो तारीख २८ मार्च टाकू. वर्षाच्या सबस्क्रिप्शनमध्ये २८ मार्च टाकली तरी मार्चचा रेव्हेन्यू चार दिवसांचाच होणार, म्हणजे हा खटाटोप रेव्हेन्यूसाठी नाहीच, इन्व्हेस्टरला सांगायचा बुकिंगचा (सही झालेल्या करारांचा) किंवा एआरआरचा आकडा फुगवण्यासाठी आहे, आणि सेल्सच्या इन्सेंटिव्हसाठी. हे ओळखून सांगितलंत की पुढचं बोलणं सोपं होतं, इन्सेंटिव्हची तारीख बदलता येईल का बघू, करारावरची तारीख बदलायची नाही.

आणि हे फक्त नीतीचं नाही. नोव्हेंबर २०२२ पासून सेबीने नियम केलाय की आयपीओच्या आधीच्या तीन वर्षांत इन्व्हेस्टर्सना जे केपीआय (धंद्याची कामगिरी दाखवणारे मुख्य आकडे) दिले ते ऑफर डॉक्युमेंटमध्ये उघड करायचे, ऑडिट कमिटीने मंजूर करायचे आणि ते प्रमाणित करून घ्यायचे. म्हणजे आज बोर्डाच्या स्लाइडवर टाकलेला एआरआर उद्या जगासमोर येणार. एआरआरची व्याख्या कुठल्याच अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये नाही, म्हणून कंपनीने ती लिहून ठेवली आहे का, सही झालेले पण सुरू न झालेले करार त्यात धरतात का, फुकट चाचणीवर दिलेली गिऱ्हाइकं (पायलट) धरतात का, हे इन्व्हेस्टर राउंडला तुम्ही विचारा. मला कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी तिथल्या तिथे ऑफर दिली असती.

सेंट्रल_एचआर

मी सीनियर जागांची भरती बघते, त्या बाजूने थोडं. फाउंडरशी पहिली भेट बऱ्याचदा तासाभराची ठरते आणि दोन तास चालते, त्यात तो टेक्निकल काही विचारत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं की ही बाई वाईट बातमी मला वेळेत सांगेल का आणि मला कळेल अशा भाषेत सांगेल का. तुमच्या आत्ताच्या कामातला एखादा कठीण निर्णय तयार ठेवा, आकडा काय होता, तुम्ही काय सुचवलं, कोण विरोधात होतं, शेवटी काय झालं. आकडे गोपनीय असतील तर टक्क्यांत सांगा, पण आत्ताच्या कंपनीची आतली माहिती देऊ नका, समोरचा मनात नोंद घेतो की उद्या ही आमचीही देईल.

"मॅन्युफॅक्चरिंगमधून आलेय, हे मला नवीन आहे" हे तीनदा म्हणू नका, एकदा पण म्हणू नका खरं तर. बँकांशी, ऑडिटरशी, टॅक्सवाल्यांशी इतकी वर्षं निभावलेली माणसं या कंपन्यांना हवीच असतात, आयपीओ आला की जास्तच.

बाहेरच्या गिऱ्हाइकांबद्दलही एकदा उजळणी करा. सेवेची निर्यात जीएसटीत झिरो रेटेड असते, एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दाखल केलेलं असावं लागतं, अमेरिकेत सबसिडियरी असेल तर ट्रान्सफर प्रायसिंग (आपल्याच कंपन्यांमधले व्यवहार बाजारभावाने दाखवणं) आलं. होल्डिंग कंपनी भारतातच आहे ना हेही विचारा, काहींची बाहेर असते आणि इथे लिस्ट व्हायचं तर आधी ती परत आणावी लागते, फोनपेने २०२२ मध्ये सिंगापूरहून आणलं तसं. ते काम वर्षभर डोकं खातं.

हार्बर_लाईन

किती आभार मानू कळत नाही. केस स्टडी झाली! सीएसीमध्ये पगार धरलेले नव्हतेच. ताळेबंद, मी पहिल्या पानावर मांडलं आणि पाऊण तास त्यावरच बोलणं झालं. आता इन्व्हेस्टर राउंड राहिलाय, पण एचआरने आधीच ऑफरचं सूतोवाच केलंय, फिक्स्ड पगार आत्तापेक्षा थोडासाच जास्त आणि बाकी ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घ्यायचे ऑप्शन). घरी होम लोन चालू आहे, मुलगी दहावीला जाईल. ईसॉपकडे किती गंभीरपणे बघायचं?

बायआउट

ईसॉप माझा विषय. ताई, ऑप्शन किती मिळाले हा आकडा एकटा काही सांगत नाही, फुली डायल्यूटेड (सगळे ऑप्शन वगैरे शेअर झाले असं धरून) शेअर किती आहेत ते विचारा म्हणजे टक्का कळेल. मग एक्सरसाइज प्राइस (ऑप्शन वापरून शेअर घ्यायची ठरलेली किंमत), फंडिंगच्या शेवटच्या राउंडची किंमत, आणि इन्व्हेस्टर्सच्या प्रेफरन्स शेअर्सना कंपनी विकल्यावर आधी किती मिळणार ते. कायद्याने ग्रँट (ऑप्शन देणं) आणि पहिल्या व्हेस्टिंगमध्ये (ते वापरायचा हक्क मिळणं) किमान एक वर्ष जावं लागतं, बहुतेक ठिकाणी पूर्ण व्हेस्टिंगला चार वर्षं लागतात.

टॅक्स नीट समजून घ्या, तुम्ही सीए आहात तरी स्वतःच्या बाबतीत माणूस हिशेब करत नाही. समजा ५,००० ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस १० रुपये, आणि एक्सरसाइजच्या दिवशी किंमत ४०० ठरली. फरक १९.५० लाख, तो तुमच्या पगारात धरला जातो, ३० टक्के आणि सेस धरून सहा लाखांच्या वर टॅक्स, सरचार्ज वेगळा. शेअर विकता येत नाहीत, हातात रुपया आलेला नाही, आणि टॅक्स मात्र आत्ता. स्टार्टअप्सना २०२० च्या बजेटमध्ये हा टॅक्स पुढे ढकलायची सवलत आली खरी, पण ती फक्त आंतरमंत्रालयीन मंडळाचं सर्टिफिकेट असलेल्या कंपन्यांना. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही, आणि एचआरला हा फरक बऱ्याचदा माहीत नसतो. नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती मुदत आहे ते पॉलिसीत वाचा, काही ठिकाणी नव्वदच दिवस असतात, तेवढ्यात एवढे पैसे उभे करायचे म्हणजे व्हेस्ट झालेलेही सोडून द्यावे लागतात. होम लोन आहे तर घर फिक्स्डवर चाललं पाहिजे, ईसॉप शून्य झाले तरी ही नोकरी करायला आवडेल का ते बघा. फिक्स्डसाठी भांडा. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर बायआउटही (नोटीसचे पैसे नव्या कंपनीने भरणं) मागून घ्या, सीनियर जागेला सहसा देतात.

कंट्रोलर

बायआउटला अनुमोदन. त्यात भर, पद पुढे सीएफओचं होणार असेल तर डी अँड ओ इन्शुरन्स (डायरेक्टर आणि अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठीचा विमा) आहे का, किती रकमेचा आहे, आणि तुम्ही सोडून गेल्यावर तुमच्या काळातल्या गोष्टींसाठी तो चालू राहतो का, हे लेखी घ्या. सीएफओ कंपनी कायद्यात "की मॅनेजेरियल पर्सोनेल" म्हणजे प्रमुख जबाबदार अधिकारी आहे, लिस्टिंगनंतर दर तिमाहीच्या निकालांवर सीईओसोबत त्याचं प्रमाणपत्र जातं की यात खोटं काही नाही, आणि कलम ४४७ मध्ये फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. घाबरवायला लिहीत नाही, पण एवढी जबाबदारी घेणाऱ्याने एवढं विचारणं कोणाला खटकता कामा नये.

सेंट्रल_एचआर

ताई, सही करायच्या आधी दोन माणसांशी बोलायची परवानगी मागा. एक, ऑडिट पार्टनर, तो गोपनीय काही सांगणार नाही पण पुस्तकं वेळेवर बंद होतात का एवढं विचारलं तरी त्याच्या बोलण्यावरून अंदाज येतो. दुसरा, तुमच्या आधीचा फायनान्स हेड. तो का गेला आणि परत त्याच फाउंडरबरोबर काम करेल का, हे त्याला थेट विचारा. कंपनीने नंबर द्यायला आढेवेढे घेतले तर ऑफरवर सही करायची घाई करू नका, आणि मला व्यनि करा, माझ्याकडे अजून दोन-तीन जागा आहेत, एक बीकेसीला आहे.